पार्वतीला दिलेलं उत्तर

"हे कुठं चाललं, मावशी?" जनकाबाईंनी अंगणात पाय ठेवता ठेवताच विचारलं.

पंचफुलाबाईच्या हातात जर्मनची वाटी होती आणि वाटीत चार घोट दूध. ते कडुनिंबाच्या बुडाशी ओतायला ती निघाली होती. आईचं दूध कुणाच्या पायाखाली येऊ नये, एवढी काळजी तिला होती. ते लेकराच्या तोंडचं निघून चाललं होतं, त्याची मात्र नव्हती.

"सुनंचं हाय," ती म्हणाली. "परवापसून गोळ्या चालू हायेत न तिला. औषदाचं दूध लेकराला कसं पाजावं? काढून टाकून राहिले."

"आन लेकराला काय देऊन राहिले?"

"शेळीचं. पानी घालून. शिवहारनं बाटली आनली पुसेगावच्या बाजारातून."

जनकाबाईंनी खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवली. बाटली म्हटलं की त्यांच्या कपाळावर एक आठी पडे, ती आताही पडली. टाकळवाडीच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून त्यांना अकरा वर्षं झाली होती. पाच गावं, त्यांतली लेकरं, लेकरांच्या लशी, बायांची बाळंतपणं, सगळं त्यांच्या दोन पायांवर. पांढरी साडी नेसून पांदीतून चालणारी बाई लांबूनच दिसे आणि गावातली अर्धी पोरं सुईच्या भीतीनं गोठ्यात दडून बसत. उरलेली अर्धी त्यांच्या मागं मागं हिंडत. या दुसऱ्या अर्ध्यांना पहिलं इंजेक्शन देताना जनकाबाईंच्याच डोळ्यांत पाणी यायचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि यावरून त्यांची भरपूर चेष्टाही व्हायची.

घरात सीमा भिंतीला टेकून बसली होती. वीस वर्षांची पोर. औंढ्याकडच्या माहेरी बाळंत होऊन आठवड्यापूर्वीच सासरी आली होती, म्हणून ती अजून जनकाबाईंच्या हाताखालून गेलेली नव्हती. मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. मुलीचा रडून रडून आवाज बसला होता. सीमाची डावी छाती लाल होऊन दगडासारखी झाली होती आणि अंगात ताप होता.

"लई ठणकून राहिलं, बाई," ती हळूच म्हणाली. सासूसमोर याहून मोठ्यानं बोलायचं तिला धाडस नव्हतं.

जनकाबाईंनी आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं. उजेडाला धरून नाव वाचलं, दोनदा वाचलं. डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. नवरा शिवहार तिला तालुक्याला दाखवून आला होता. त्यानं छातीचं दुखणं सांगितलं आणि लाजून मान खाली घातली. पाजायचं की नाही हे विचारायचं राहिलं आणि गर्दीत डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

मग त्यांनी मुलीला घेतलं. पोटाच्या कातडीला हलका चिमटा घेऊन सोडला, टाळू पाहिली, तोंडात बोट घातलं. मुलगी बोट ओढू लागली.

"जुलाब किती?"

"सकाळपसून चार," सीमा म्हणाली. "पान्यावानी."

"लघवी?"

"करून राहिली."

जनकाबाईंनी श्वास सोडला. अजून वेळ होता, पण फार नव्हता. आणखी दोन दिवस ती बाटली चालली तर काय होतं, ते त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

"मावशी," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरीला अंगावर पाजू द्या. आत्ताच्या आत्ता. दुखत्या बाजूलाबी."

"गोळ्या चालू आसताना?"

"या गोळ्या पाजनाऱ्या बाईला चालतात. मी नाव वाचलं. दुधात उतरतं ते इतकं इतकं. त्यानं लई झालं तर पोरीला जरासं पातळ व्हईल, तोंडात पांढरं येईल, ते आपुन बघू. पन दूध तोडलं तर सीमाची गाठ पिकंल आन पोरगी बाटलीनं हातची जाईल."

पंचफुलाबाईनं वाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले. चाळीस मेंढरं आणि अकरा शेळ्या सांभाळलेली बाई होती ती. नवरा भुजंग तिच्या शब्दाबाहेर नव्हता आणि मेंढरंही नव्हती.

"बाई, तुमी शिकेल हायेत, आमी न्हाई. पन एक सांगा. शेळीला सुई टोचली का जनावराचा डॉक्टर काय म्हनतो? तीन दिस दूध काढून फेका. म्हनतो का न्हाई? मंग शेळीचं फेकायचं आन मानसाचं पाजायचं, ह्यो कुठला न्याय?"

जनकाबाईंनी हात जोडावेत, इतका सवाल बिनतोड होता. सल्ला मोडायचाच तर त्यामागं निदान विचार असावा, असं त्यांचं मत होतं, आणि टाकळवाडीत विचार करून चूक करणारी माणसं पुष्कळ होती. एकेक त्यांनाच बरी भेटायची. त्या ओट्यावर बसल्या.

"सुई टोचली का करडाला तोडता का तुमी, तीन दिस?"

"करडाला कोन तोडल?" पंचफुलाबाई फटकन म्हणाली. "कास सुजली आसंल तर उलट करडू लावावं लागतं. मोकळी झाली न्हाई तर कास जाती न कामातून. येवढंबी ठावं न्हाई का तुमाला?"

बोलून झालं आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिनं वाटीकडे पाहिलं. मग आत सुनेकडे.

"दूध आपल्याला प्यायला नको म्हनतो डॉक्टर," जनकाबाई मऊपणानं म्हणाल्या. "करडाला नको म्हनत न्हाई."

आत सीमानं मुलीला जवळ ओढून घेतलेलं त्यांना दिसलं. आता एक मान हलली की झालं. पण पंचफुलाबाईची मान हलेना. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"मंग पार्वतीला काहून सांगितलं व्हतं तुमी?"

जनकाबाईंनी गोळ्यांचं पाकीट मांडीवर ठेवलं.

"कोन्या पार्वतीला?" असं त्यांनी विचारलं नाही. गावात पार्वती तीन होत्या, पण ही एकच.

"माझ्या म्होरं सांगितलं व्हतं," पंचफुलाबाई म्हणत होती. "मी तितंच शेवया वळू लागत व्हते. गोळ्या चालू हायेत तवर पाजू नका, आसं म्हनल्या व्हत्या तुमी. तवापसून आमी समद्या बाया तेच करतो. तुमचाच शबूद हाय ह्यो, बाई. आमचा न्हाई."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जनकाबाई नोकरीवर रुजू होऊन तीन महिने झाले होते. वय चोवीस. वसमतजवळच्या एका खेड्यातल्या कोंडीबा खिल्लाऱ्यांची ही मुलगी, त्यांच्या वस्तीतली पहिली शिकून नर्स झालेली. टाकळवाडीत तेव्हा त्यांना चहा दांडी तुटलेल्या कपात मिळायचा. तो कप घराच्या बाहेरच्या कोनाड्यात असायचा. सुई टोचून घ्यायला हरकत नसायची, हात लागला तरी चालायचं, कप मात्र वेगळा. पुढं एक एक कप फुटत गेला आणि नवा कुणी बाजूला ठेवला नाही. पण तेव्हा होता. आणि अशा दिवसांत ऐन उमेदीची, तांबूस गोरी, तीन महिन्यांच्या मुलाची आई पार्वतीबाई उंबऱ्यात येऊन त्यांना विचारती झाली, "बाई, थंडीतापाच्या गोळ्या दिल्यात हिंगोलीच्या डॉक्टरनं. लेकराला पाजू का?"

गावातल्या बाईनं आपल्याला विचारलं, याचंच जनकाबाईंना इतकं वाटलं! त्यांचे वडील, आबा, नेहमी म्हणायचे, "बाय, लोकांनी इचारलं का उत्तर देता आलं पायजे. त्येच्यासाठीच शिकवलं तुला." उत्तर काही येत नव्हतं. "मला माहीत नाही, विचारून सांगते" हे पाच शब्द तोंडापर्यंत आले आणि परत गेले. माहीत नाही म्हटलं तर काय राहिलं? म्हणून त्या अगदी ठामपणे म्हणाल्या, "गोळ्या संपेपर्यंत नको."

गोळ्या सात दिवसांच्या होत्या. दूध आटलं. बाटली आली. जुलाब लागले. अकराव्या दिवशी, हिंगोलीला नेता नेता, एसटीच्या थांब्यावरच ते लेकरू गेलं. जनकाबाई बरोबर होत्या. मिठासाखरेचं पाणी चमच्यानं त्यांनीच पाजलं होतं. गाव म्हणालं, बाईंनी लई केलं.

पुढं पाच वर्षांनी परभणीच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर लिहून सांगितलं. बहुतेक औषधं चालतात. काही थोडी चालत नाहीत, म्हणून अंगावरचं मूल आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं, गोळीचं नाव विचारून घ्यायचं, बाजारातलं काहीबाही खायचं नाही, आणि दूध तोडायचं नाही. बाकीच्या नर्सा वहीत उतरवून घेत होत्या. जनकाबाईंची पेन्सिल थांबली होती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. तेव्हापासून हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला त्यांनी बरोबर तेच सांगितलं. पुढचं सगळं त्यांनी सरळ केलं. मागचं मात्र तसंच राहू दिलं.

आणि पार्वतीबाई? ती दर वर्षी मार्गशीर्षात हरभऱ्याची कोवळी भाजी पदरात घेऊन उपकेंद्राच्या दाराशी यायची. "तुमच्यासाठी पहिला खुडा, बाई." एकदाही चुकली नाही. ती भाजी जनकाबाईंनी शिजवली, मुलाला आणि नवऱ्याला वाढली, आणि स्वतः कधी खाल्ली नाही. नवऱ्याला, भीमराजला, वाटायचं हिला हरभऱ्याची भाजी आवडत नाही.

"काहून बोलत न्हाई, बाई?" पंचफुलाबाई म्हणाली.

सुटायला जागा होती. 'त्या गोळ्या वेगळ्या होत्या, मावशी.' एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. कुणी पडताळून पाहणार नव्हतं. वाक्य त्यांच्या तोंडात तयारही झालं होतं. तेवढ्यात आत मुलीनं बसक्या आवाजात रडायला सुरुवात केली आणि सीमा दोघींकडे पाहू लागली. कुणाचं ऐकायचं, हे त्या पोरीच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. हिला आणखी एक ठाम खोटं सांगायचं?

"मी चुकले व्हते," जनकाबाई म्हणाल्या.

पंचफुलाबाईला ते एकदम कळलं नसावं.

"त्या गोळ्याबी चालनाऱ्याच व्हत्या. डॉक्टरनं तिला पाजू नको म्हनलंच नव्हतं. मला ठावं नव्हतं, आन ठावं न्हाई म्हनायची मला लाज वाटली. म्हनून नको म्हनले. माझं चुकलं, मावशी. आता चुकून न्हाई राहिले."

अंगणात एक शेळी शिंकली. पंचफुलाबाईनं जनकाबाईंच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मेंढरू आजारी आहे की नुसतं सोंग करतंय, हे ती ज्या नजरेनं पाहायची, तीच ही नजर. मग ती उठली, आत गेली, कोनाड्यातली बाटली घेतली आणि बाहेर येऊन उकिरड्यावर भिरकावली.

"पाज गं," ती सुनेला म्हणाली. "खोटं बोलनारा मानूस सोताला कशाला खड्ड्यात घालील?"

जनकाबाईंनी गरम पाण्यात फडकं पिळून सीमाच्या छातीवर ठेवलं. मुलीला नीट धरायला लावलं. पहिल्या ओढीला सीमा कळवळली, तिनं सासूचा हात घट्ट धरला. आठवड्यातला तो पहिला सासूचा हात. मुलगी मात्र चुरूचुरू ओढत होती. हळूहळू सीमाचे खांदे सैल झाले.

"गोळ्या पुऱ्या खायच्या," जनकाबाई सांगत होत्या. "ताप उतरला म्हनून मधीच सोडायच्या न्हाईत. पाजून झालं का गोळी घ्यायची. घडीघडी पाजायचं. मी सांजंला येते, उद्याबी येते. पोरगी सुस्त पडली, ओढंना झाली, लघवी थांबली, तर माझी वाट बघू नका, थेट हिंगोलीला न्या."

निघताना पंचफुलाबाई अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"पार्वतीला सांगितलं का हे?"

"न्हाई."

"सांगा मंग. माझ्या पोटात गोष्ट ऱ्हात न्हाई, तुमाला ठावं हाय. आयतवारचा बाजार भरायच्या आदी तुमीच सांगा."

यापेक्षा मोठी माया तिला दाखवता आली नसती.

पार्वतीबाईचं शेत ओढ्याच्या पलीकडं होतं. जनकाबाई तिकडे निघाल्या. हिला आता आपण काय देणार? एक लेकरू अकरा वर्षांपूर्वी घेतलं, आज त्याचं कारणही घेऊन चाललो. आज ती शिव्या देईल, उद्या भाजी बंद होईल. बंद व्हायलाच हवी.

हरभरा गुडघ्याच्याही खाली होता. पार्वतीबाई ओळीत उकिडवी बसून शेंडे खुडत होती. पुढं झालेली तिची दोन मुलं शाळेत गेली होती.

"या, बाई! उद्या येनारच व्हते मी तुमच्याकडं. पहिला खुडा हाय."

जनकाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि काही न सुचून त्याही शेंडे खुडू लागल्या. पानांवरची आंब, हरभऱ्याचा तो आंबट खार, बोटांना लागली. सकाळी विळीनं कापलेल्या बोटाला ती झोंबू लागली. तरी त्या खुडत राहिल्या. एक ओळ तशीच संपली.

"काय झालं?" पार्वतीबाईनं विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. पंचफुलाबाईच्या अंगणात सांगितलं तसंच, काही न गाळता. माहीत नव्हतं. लाज वाटली. नको म्हणाले. गोळ्या चालणाऱ्या होत्या. दूध चांगलं होतं. सहा वर्षांपूर्वी कळलं, तरी सांगितलं नाही. सांगताना त्यांनी वर पाहिलं नाही.

पार्वतीबाईचा हात एका शेंड्यावर थांबला होता.

"दूध चांगलं व्हतं?" तिनं विचारलं.

"चांगलं व्हतं."

"गोळ्या खाऊन बी?"

"गोळ्या खाऊन बी."

ओढ्याकडून बैलगाडीचा आवाज आला आणि गेला. मग पार्वतीबाई बोलू लागली, जनकाबाईंशी नाही, समोरच्या हरभऱ्याशी बोलावं तशी.

"चौथ्या दिशी दुपारी सासू पान्याला गेली व्हती. लेकरू लई रडत व्हतं. बाटली तोंडात धरीना. तुमी नको म्हनला व्हता, पन मला ऱ्हावलं न्हाई. चोरून घेतलं अंगावर. थोडंच दूध राहिलं व्हतं, तरी दोन्ही बाजूंनी पिलं. पिऊन झोपलं." ती थांबली. "त्याच सांजंला जुलाब लागले. मला वाटलं, त्या येका डावानं गेलं. माझ्या दुधानं. तुमी शान्या, तुमाला कळलंच आसंल, आसं मला वाटायचं. तरीबी तुमी कदी मला बोलला न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई. म्हनून दर साली..."

भाजीची ओटी तिच्या मांडीवर होती.

अकरा वर्षं दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या.

"पार्वतीबाई, त्या दुधानं न्हाई गेलं ते. बाटलीनं गेलं. माझ्या सांगन्यानं गेलं."

पार्वतीबाईनं मान हलवली. तिला राग आला होता का? असेल. यायलाच हवा होता. पण तिचं ध्यान तिथं नव्हतंच. ती त्या दुपारच्या घरात जाऊन बसली होती.

"मंग येक डाव तरी," ती म्हणाली, "पोटभर पिलं व्हतं ते."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बोटांना आंब लागलेली, त्या हातानं डोळे पुसायची सोय नव्हती. तिनं मनगटानं पुसून पाहिलं, ते जमेना. जनकाबाईंची बोटंही तशीच होती. त्यांनी आपल्या पांढऱ्या साडीचा पदर पुढं केला.

पार्वतीबाईनं तो धरला आणि तोंडाला लावला.